दुकान वेळेवर उघडतं, बीपीची गोळी राहून जाते : पन्नाशीतल्या व्यापारी-कामगारांचं गणित कुठं चुकतंय?

हुबळी : लॅमिंग्टन रोडवरची बहुतेक दुकानं सकाळी दहाच्या आसपास उघडतात आणि रात्री साडेआठ-नऊला मिटतात. मधल्या दहा-अकरा तासांत या रस्त्यावर कोण कोण राबत असतं? गल्ल्यावर बसलेले सावकार, दिवसभर उभं राहून कापडाचे तागे उलगडणारा सेल्समन, माळ्यावरून माल उतरवणारा हमाल, बाहेर गिऱ्हाइकाची वाट बघत बसलेला रिक्षावाला, बँकेचा शिपाई, महापालिका कचेरीतला कारकून. यातले कितीतरी जण पंचेचाळीस ते पासष्टच्या दरम्यानचे आहेत. निवृत्ती त्यातल्या फार थोड्यांना आहे. बाकीच्यांना हातपाय चालतात तोवर काम.

या वयात गाठणाऱ्या आजारांची एक मोठी खोड आहे. ते दुखत नाहीत. दाढ दुखली तर माणूस दुकान सोडून दवाखाना गाठतो. बीपी १६० असलं तरी दुकान चालूच राहतं, कारण काहीच होत नसतं. रक्तातली साखर दोनशेच्या वर गेली तरी पहिली काही वर्षं फार तर तहान आणि थकवा. त्याचं खापर उन्हावर किंवा सीझनच्या गर्दीवर फोडता येतं. शरीर उधारीवर माल देत राहतं, वसुलीला एकदमच येतं.

उधारी किती, याचा देशपातळीवरचा आकडा आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. वीस वर्षांवरच्या १ लाख १३ हजारांहून अधिक लोकांची तपासणी त्यात होती. त्यानुसार देशात १० कोटींच्या वर लोकांना मधुमेह आहे, म्हणजे प्रौढांमागे ११.४ टक्के. त्याशिवाय १५.३ टक्के लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर. उच्च रक्तदाब ३५.५ टक्के, म्हणजे तिघांमागे एकाहून जास्त. आपल्या शेजारच्या गोव्याचा मधुमेहाचा आकडा होता २६.४ टक्के, सगळ्या राज्यांत सर्वाधिक. हे आकडे वीस वर्षांच्या पोरांना धरून आहेत. पन्नाशीतल्यांचे वेगळे काढले तर ते याहून वर जाणार, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

लंडनचे ड्रायव्हर-कंडक्टर आणि आपला गल्ला

नुसतं बसून राहिल्याने हृदयाला धोका होतो, हे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दाखवलं गेलं ते लंडनच्या बसमध्ये. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या डबलडेकर बसवरच्या हजारो कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला आणि १९५३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच बसमध्ये, एकाच वर्गातले, पगारातही फार फरक नाही. ड्रायव्हर दिवसभर बसून. कंडक्टर तिकिटं फाडत दिवसाला शेकडो पायऱ्या वरखाली करणारा. हृदयविकाराचं प्रमाण ड्रायव्हरांत स्पष्ट जास्त निघालं, आणि कंडक्टरांना झटका आला तरी तो तुलनेने उशिरा आणि सौम्य असायचा.

लॅमिंग्टन रोडवरच्या कुठल्याही जुन्या दुकानात हीच बस उभी आहे. गल्ल्यावरचे ड्रायव्हर, माळ्यावर चढणारा कंडक्टर. फरक इतकाच की हल्ली कंडक्टरही बसायला लागलाय. माल लिफ्टने येतो, बिल कॉम्प्युटरवर होतं, आणि गिऱ्हाईक नसलं की हातात मोबाइल.

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती फारशी सांगितली जात नाही. मॉरिस यांनी पुढे या कर्मचाऱ्यांच्या गणवेशाची मापं तपासली. ड्रायव्हरांच्या पँटची कंबर कंडक्टरांपेक्षा मोठी होती, अगदी तरुण वयातसुद्धा. म्हणजे काही जण ड्रायव्हरकीत शिरतानाच पोट घेऊन आले होते. सगळा दोष खुर्चीला देता येत नाही, कंबरेलाही हिशेबात धरावं लागतं.

कंबरेचा विषय आपल्याकडे जास्तच महत्त्वाचा आहे, आणि तो समजावून सांगणारे डॉक्टर मराठी आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्याबरोबर २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दोघांचाच एक फोटो आणि तुलना छापली. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचंही २२.३, अगदी तंतोतंत. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बाहेरून किडकिडीत, आतून चरबी, असा हा आपला भारतीय बांधा. त्यामुळे 'मी कुठं जाड आहे, मला कशाला शुगर होईल' हे वाक्य आपल्याकडे चालत नाही. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे आलेला माणूस वजनकाट्यावर पास होतो, साखरेच्या तपासणीत नापास.

म्हणून वजनापेक्षा टेप बरा. दक्षिण आशियाई माणसांसाठी कंबरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० सेंटिमीटर धरतात. टेप पोटावर, साधारण बेंबीच्या रेषेत धरायचा. पँट जिथं बांधतो तिथं धरायचा नाही, कारण पँट पोटाच्या खाली घसरलेली असते आणि तिचा नंबर वर्षानुवर्षं खोटी समजूत देत राहतो. कापडबाजारात टेपची काय वानवा?

सकाळी गोळी, जेवण साडेतीनला

दुकानाच्या दिवसात सर्वांत जास्त हाल होतात ते दुपारच्या जेवणाचे. डबा एक वाजता येतो आणि नेमकं तेव्हाच गिऱ्हाईक येतं. मग अडीच, तीन, साडेतीन. मध्ये दोन-तीन साखरेचे चहा. ज्याला आजार नाही त्याला याने फक्त पित्त होतं. ज्याची शुगरची गोळी चालू आहे त्याचं प्रकरण वेगळं आहे.

शुगरच्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. मेटफॉर्मिन एकटी चालू असेल तर जेवण लांबल्याने साखर एकदम खाली जायची भीती कमी. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या मात्र शरीराला इन्शुलिन सोडायला लावतात, पोटात अन्न असो वा नसो. सकाळी साडेआठला थोडं उप्पीट खाऊन अशी गोळी घेतली आणि जेवण साडेतीनला झालं, तर मधे हात थरथरणं, घाम फुटणं, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी हे होणारच. मग माणूस 'गोळी सोसत नाही' म्हणून ती बंद करतो. गोळी सोसत होती, वेळ सोसत नव्हती. एकादशी, चतुर्थी, श्रावणातले सोमवार यांनाही हेच लागू. उपवास करायचा तर गोळीचं काय करायचं हे आधी डॉक्टरांना विचारायला हवं. आणि साबुदाण्याची खिचडी हा मधुमेह्यासाठी उपवास नव्हे.

जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटं मात्र फुकटात मिळणारं औषध आहे. जेवून लगेच पाय मोकळे केले तर स्नायू रक्तातली साखर खेचून घेतात आणि जेवणानंतर चढणारा साखरेचा आकडा खाली राहतो, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. पहाटे ग्लास हाऊसच्या बागेत किंवा उणकल तळ्यावर जाणारे जातात, त्यांचं कौतुकच आहे. पण रात्री दहाला घरी पोचून साडेअकराला झोपणाऱ्याला पहाटेचा उपदेश करून उपयोग नाही. त्याने दुपारी जेवल्यावर रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन यावं. आणि सिद्धारूढ स्वामी रेल्वे स्थानकाचा फलाट १,५०७ मीटरचा आहे, जगातला सर्वांत लांब. गाडीला वेळ असेल तर एक चक्कर जाऊन येऊन तीन किलोमीटर होते.

मीठ हा आणखी एक छुपा खर्च. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चमचा, तेही दिवसभराचं सगळं धरून. आपल्या भागात भाकरी, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी असं मुळातलं जेवण चांगलं आहे. घोळ होतो तो ताटाच्या कडेला : लोणचं, पापड, सांडगे, मीठ भरून तळलेली मिरची. संध्याकाळी गिरमिट आणि मिरची भजी. आठवड्यातून एकदा सावजी खानावळ. गिरमिट सोडा असं कुणी हुबळीच्या माणसाला सांगू नये, तो ऐकणार नाही. पण ताटातलं लोणचं आणि पापड यांपैकी एक उचलून ठेवणं जमण्यासारखं आहे.

पाठदुखीची गोळी आणि चढलेलं बीपी

या सगळ्यात ज्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं ती गोष्ट म्हणजे दुखण्याच्या गोळ्या. दहा तास उभं राहणाऱ्या सेल्समनचे पाय भरून येतात, पिंडरीच्या शिरा फुगतात. हमालाची कंबर, रिक्षावाल्याचे मणके, सावकारांचे गुडघे. मेडिकलच्या दुकानात जाऊन 'एक पेनकिलर दे' म्हटलं की पट्टी हातात येते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्या रोज घेतल्या तर शरीरात मीठ-पाणी साठतं, रक्तदाब चढतो, मूत्रपिंडावर ताण येतो. बीपीच्या काही औषधांचा असरही त्या कमी करतात. म्हणजे एका हाताने बीपीची गोळी घ्यायची आणि दुसऱ्या हाताने ती खोडायची. 'गोळी चालू आहे तरी बीपी का उतरत नाही' या प्रश्नाचं उत्तर कितीतरी वेळा खिशातल्या दुसऱ्या पट्टीत असतं, आणि तिच्याबद्दल डॉक्टरांना कुणी सांगत नाही, कारण ती 'औषध' म्हणून मोजलेलीच नसते.

उभ्याने काम करण्याबद्दल केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. दुकानातल्या कामगारांना बसायला आसन देणं तिथं मालकावर बंधनकारक झालं. बसून राहिल्याने हृदय बिघडतं आणि उभं राहून शिरा. शरीराला अदलाबदल हवी असते, बाकी काही नाही.

दुकानांत काम करणाऱ्या बायकांचं दुखणं आणखी निराळं. बाजारपेठेत स्वच्छ स्वच्छतागृह जवळ नसलं की त्या पाणीच कमी पितात. सकाळी निघताना एक पेला, मग थेट घरी. लघवीचा संसर्ग वारंवार होण्याचं हे एक साधं कारण आहे, आणि मधुमेह असेल तर तो संसर्ग लवकर बरा होत नाही. पाळी थांबण्याच्या वयानंतर बायकांचा रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोका वाढत जातो. पण घरात बीपी तपासायला नेलं जातं ते नवऱ्याला. बाईची छातीत धडधड 'टेन्शन' म्हणून सोडून दिली जाते.

तंबाखूबद्दल सीमाभागाला वेगळं सांगायला नको, निपाणीची बाजारपेठच त्यावर उभी राहिली. महाराष्ट्राने गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आणली, कर्नाटकाने २०१३ मध्ये. त्यानंतर पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत, गिऱ्हाइकाने हातावर एकत्र करायचं, असा तोडगा निघाला आणि तो दोन्ही राज्यांत सर्रास चालतो. धूर नाही म्हणून हृदयाला धोका नाही, हा समज चुकीचा आहे. चुना-तंबाखूतलं निकोटिनही रक्तात जातं, नाडी आणि बीपी वाढवतं. तोंड पूर्ण उघडेनासं होणं, गालात पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली जखम, यातलं काही दिसलं तर दातांच्या डॉक्टरकडे त्याच आठवड्यात जावं. घरातली मिश्रीही याच खात्यात येते.

पित्त की झटका?

कन्नड सिनेमाचे लाडके अभिनेते पुनीत राजकुमार २९ ऑक्टोबर २०२१ रोजी गेले. वय ४६, व्यायामाचं शरीर. त्यांच्या नावाने कर्नाटक सरकारने 'हृदय ज्योती' योजना सुरू केली. तालुका रुग्णालयात छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी काढायचा, तो मोठ्या केंद्रातल्या तज्ज्ञांकडे लगेच पाठवायचा, आणि झटका असेल तर रक्ताची गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेज हे महागडं इंजेक्शन तिथंच मोफत द्यायचं. हे इंजेक्शन पहिल्या काही तासांतच कामाचं. वेळ गेला की हृदयाचा तेवढा स्नायू कायमचा गेला.

आणि वेळ नेमका कुठं जातो? सोड्याच्या बाटलीत. छातीत जळजळ, जबड्यापर्यंत किंवा डाव्या हातात जाणारी कळ, गार घाम आला की पहिलं निदान 'पित्त' होतं. मधुमेह जुना असेल तर मज्जातंतू बोथट झालेले असतात, मग कळही येत नाही. नुसती धाप, मळमळ, अचानक गळून जाणं. अशा वेळी सोडा, ओवा, गोळी यांत अर्धा तास घालवण्यापेक्षा १०८ ला फोन करून ईसीजी काढलेला बरा. ईसीजी चांगला निघाला तर पित्ताचं औषध नंतरही घेता येतं.

तपासणी कुठं, कुणाला, कधी?

केंद्राच्या नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. चाळिशीवरच्या कामगारांना वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी, असं त्यात जाहीर झालंय. बातमी वाचून अनेकांना बरं वाटलं असेल. पण कामाच्या जागेची सुरक्षितता आणि आरोग्य यांची संहिता साधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागते. ईएसआयची अटही कर्नाटकात दहा कामगारांची, शिवाय पगार २१ हजारांपर्यंत. लॅमिंग्टन रोडवर मोठी शोरूम सोडली तर दुकानात माणसं किती? तीन, चार, फार तर सहा. म्हणजे ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे ते नेमके कायद्याच्या बाहेर राहतात. सावकार स्वतः तर कुठल्याच यादीत नाहीत.

उरतात सरकारी दवाखाने. कर्नाटकात शहरी भागासाठी 'नम्म क्लिनिक' योजना आहे. १४ डिसेंबर २०२२ रोजी तिचं उद्घाटन हुबळीतच, बैरिदेवरकोप्पमध्ये झालं. बीपी, शुगरची तपासणी आणि गोळ्या तिथं मोफत. वेळ ठेवली सकाळी नऊ ते दुपारी साडेचार. नोकरदाराला आणि दुकानदाराला ही वेळ सोयीची नाही, हे उघड आहे. संध्याकाळी सात ते नऊ एखादं क्लिनिक बाजारपेठेजवळ चालवलं तर गर्दी आवरणार नाही. तोवर नऊ ते दहा हा एकच तास हातात आहे. गुंतागुंत असेल तर १९५७ पासून उभं असलेलं किम्स आहेच.

मोठ्या उपचारांचा खर्च निघाला तर 'आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक' योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. दारिद्र्यरेषेवरच्यांना सरकारी दराच्या ३० टक्केच, तेही दीड लाखाच्या मर्यादेत. महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय २०२३ मध्ये घेतला. त्या यादीत हुबळी-धारवाड नाही. इथल्या मराठी कुटुंबांनी त्या भरवशावर कागदपत्रं गोळा करत बसू नये.

बीपीचं मशीन दुकानात एक असलं तरी पाच-सहा माणसांना पुरतं. दोन साड्यांच्या नफ्यात ते येतं. मोजायची रीत मात्र पाळायला हवी : आधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही, पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीवर, एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजून लिहून ठेवायचं. गिऱ्हाइकाशी घासाघीस चालू असताना मोजलेलं बीपी हे त्या गिऱ्हाइकाचं असतं. वेगवेगळ्या दिवशी १४० वर ९० किंवा त्याहून जास्त येत राहिलं तर डॉक्टर. साखरेसाठी उपाशीपोटी १२६ किंवा एचबीए-वन-सी ६.५ ही मधुमेहाची रेषा. एचबीए-वन-सी मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगते. तपासणीच्या आदल्या दिवशी गोड सोडून तिला फसवता येत नाही, म्हणून ती अनेकांना आवडत नाही.

बीपी १२८ वर ८० आलं की 'नॉर्मल झालं' म्हणून गोळी बंद करणारे या रस्त्यावर दर चार दुकानांमागे भेटतील. ते आलंय गोळीमुळे. छत्रीखाली अंग कोरडं राहिलं म्हणून पावसात छत्री मिटायची का? पैशाचा प्रश्न असेल तर जनऔषधी केंद्रात अॅम्लोडिपिनची दहा गोळ्यांची पट्टी दहा रुपयांच्या आत मिळते. कमी-जास्त करायचं ते डॉक्टर करतील, आपण नाही.

सीमाभागातल्या लोकांची एक खास भानगड शेवटी सांगायला हवी. इथली कुटुंबं उपचाराला मिरजेला जातात, बेळगावला जातात, मुलगी पुण्यात असेल तर तिच्याकडे महिनाभर राहून तिथंही दाखवतात. प्रत्येक डॉक्टर आपल्या पद्धतीने चिठ्ठी लिहितो. कंपनीचं नाव वेगळं, पण आत औषध तेच, टेल्मिसार्टन इथंही आणि तिथंही. मिरजेची पट्टी संपायच्या आत हुबळीची सुरू होते आणि घरात दोन्ही चालू राहतात, मग चक्कर आली की वयाला दोष. पट्टीवर मोठ्या अक्षरांत कंपनीचं नाव असतं, औषधाचं खरं नाव त्याच्याजवळ लहान अक्षरांत. बाहेरगावी दाखवायला जाताना चालू असलेल्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून न्याव्यात, दुखण्याच्या गोळीसकट. इथले डॉक्टर रक्तदोत्तड म्हणोत की सक्करे कायिले, आणि तिकडचे रक्तदाब म्हणोत की मधुमेह, पट्टीवरचं ते लहान अक्षर दोन्हीकडे एकच वाचलं जातं.